नवीन जागी फॅमिली डॉक्टर कसा शोधायचा (आणि तोही धडधाकट असताना)

नवीन जागी राहायला गेलं की वीज, पाणी, इंटरनेट सगळं आपण पहिल्या आठवड्यात मार्गी लावतो. डॉक्टरचं मात्र "लागेल तेव्हा बघू". आणि लागतो कधी, तर रात्री साडेअकराला, अंगात ताप, घसा बसलेला, आणि आपण एका डोळ्याने फोनवर "जवळचं चालू क्लिनिक" शोधतोय.

माझं अगदी हेच झालं. शहर बदलून तिसराच महिना, ताप आणि खोकला. जे क्लिनिक उघडं दिसलं तिथे गेले, चार मिनिटांत अँटिबायोटिक घेऊन बाहेर. आधी कुठली औषधं चालू आहेत, कशाची अ‍ॅलर्जी आहे का, काही विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही. ताप दोन दिवसांत गेला, खोकला काही जाईना. दहाव्या दिवशी दुसरीकडे गेले, तिथे दुसरं अँटिबायोटिक. सोळाव्या दिवशी वैतागून तिसरीकडे. त्या डॉक्टरांनी पाठीला सात-आठ ठिकाणी स्टेथोस्कोप लावून नीट ऐकलं, आधीची दोन्ही प्रिस्क्रिप्शन शांतपणे वाचली आणि म्हणाल्या, "छाती साफ आहे. अजून आठवडाभर राहील हा खोकला, राहू दे. ताप परत आला, धाप लागली किंवा खोकताना रक्त दिसलं तर मात्र लगेच या." आणि काहीच लिहून दिलं नाही! मला आधी फसवल्यासारखं वाटलं, खरं सांगते. नंतर कळलं की साध्या सर्दीनंतरचा खोकला सरासरी १८ दिवस टिकतो, आणि लोकांना मात्र वाटत असतं की आठवड्याभरात जायला हवा. सगळी गडबड त्या मधल्या दिवसांत होते.

त्याच आता आमच्या फॅमिली डॉक्टर आहेत. पण त्या सापडल्या त्या योगायोगाने, तीन ठिकाणी पैसे आणि दोन अँटिबायोटिक घालवल्यावर. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे सगळं लिहितेय. क्रम जमेल तसा पाळा.

आधी एवढं ठरवा की नक्की कोण हवंय

फॅमिली मेडिसीन हा वेगळा विषय आहे, मूळ वैद्यकीय डिग्रीनंतर त्याचं स्वतंत्र ट्रेनिंग असतं. अमेरिकेत ३ वर्षं, कॅनडात २ वर्षं, प्रत्येक देशाचं वेगळं. ब्रिटनमध्ये यांनाच जीपी म्हणतात, जर्मनीत हाउसआर्त्स्ट. फिजिशियन म्हणजे मोठ्या माणसांच्या पोटातल्या-छातीतल्या आजारांचा डॉक्टर, मुलांचा वेगळा, बायकांचा वेगळा. फॅमिली डॉक्टर तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत सगळ्यांना बघतो आणि बहुतेक गोष्टी स्वतःच निस्तरतो, जे त्याच्या हाताबाहेरचं असेल तेवढंच पुढे पाठवतो.

"पण थेट स्पेशालिस्टकडेच गेलं तर काय बिघडलं?" हा प्रश्न येतोच. यावर एक जुनी आकडेवारी मला फार आवडते. १९६१ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशोब मांडला होता की १००० मोठी माणसं घेतली तर एका महिन्यात साधारण ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं, त्यातले २५० डॉक्टरकडे जातात, ९ हॉस्पिटलमध्ये दाखल होतात, ५ जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवावं लागतं आणि मोठ्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलपर्यंत जातो तो फक्त १. चाळीस वर्षांनी २००१ मध्ये हाच हिशोब परत केला तेव्हाही चित्र फारसं बदललं नव्हतं. म्हणजे डॉक्टरकडे गेलेल्या त्या २५० मधल्या बहुतेकांचं काम पहिल्याच डॉक्टरकडे होऊन जातं. आणि डोकं दुखतंय म्हणून थेट मेंदूच्या डॉक्टरकडे गेलं तर तो मेंदूच बघणार ना, तुमचा चष्म्याचा नंबर वाढलाय का किंवा झोप नीट होत नाहीये का हे बघायला तो बसलेला नाही.

एकाच माणसाकडे वर्षानुवर्षं जाण्याचाही फरक पडतो, आणि तो फक्त ओळखीचा, गप्पांचा नसतो. नॉर्वेमध्ये २००१ पासून प्रत्येकाला ठरलेला डॉक्टर मिळतो. तिथल्या साधारण ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की एकाच डॉक्टरकडे १५ वर्षांपेक्षा जास्त काळ असलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण, वर्षभराचीच ओळख असलेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतं, आणि हॉस्पिटलात दाखल व्हायचं प्रमाणही कमी. आता यातलं सगळंच श्रेय डॉक्टरला देता येणार नाही, जो माणूस पंधरा वर्षं एका जागी टिकतो त्याचं बाकीचं आयुष्यही कदाचित स्थिर असेल. पण एवढा फरक नुसता डावलण्यासारखाही नाही.

विचारायचं कुणाला आणि कसं

"इथे चांगला डॉक्टर कोण आहे हो?" असं विचारलंत तर प्रत्येकजण एक नाव सांगेल आणि बरेचदा ते नाव त्याने नुसतं ऐकलेलं असेल. मी आता असं विचारते: तुम्ही स्वतः कुठे जाता, शेवटचं कधी गेला होतात, आणि काय झालं? तिसऱ्या प्रश्नावर माणूस खरं बोलायला लागतो. "गेलो होतो, दोन तास बसवलं, पण मग वेळ देऊन बघितलं" किंवा "तो काय, बघतच नाही, लिहीतच असतो."

विचारायचं अशा लोकांना ज्यांना डॉक्टर वारंवार लागतो. लहान मूल असलेलं घर, वयस्कर आईवडील असलेलं घर, डायबेटिस किंवा दमा असलेलं कुणी. सहा वर्षांत एकदाही आजारी न पडलेल्या शेजाऱ्याच्या मताला काय अर्थ आहे? आणि एक माणूस हमखास विसरला जातो तो म्हणजे औषधाच्या दुकानातला फार्मासिस्ट. आजूबाजूच्या सगळ्या डॉक्टरांची प्रिस्क्रिप्शन त्याच्या हाताखालून जातात, कोण तापाला एक गोळी देतो आणि कोण सहा, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. गर्दी नसताना जा आणि "तुमच्या घरचे कुणाकडे जातात?" एवढंच विचारा. कुणाबद्दल वाईट बोल असं त्याला म्हणायचं नाहीये, त्याची अडचण होते. नर्स किंवा फिजिओथेरपिस्ट ओळखीचे असतील तर त्यांनाही हाच प्रश्न.

ऑनलाइन रिव्ह्यूंचं काय? वाचा, पण पाच स्टार आणि एक स्टार दोन्ही बाजूला ठेवून मधले तीन स्टारवाले वाचा, त्यात माणसं जरा शांतपणे लिहितात. बहुतेक राग पार्किंगवर, रिसेप्शनवर आणि थांबावं लागण्यावर असतो, त्यावरून डॉक्टर कळत नाही. "अँटिबायोटिक मागितलं तरी दिलं नाही" असं चिडून लिहिलेलं एखादं सापडलं तर मी तो डॉक्टर उलट लिस्टमध्ये टाकते. एकच तक्रार वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वर्षी केली असेल, उदाहरणार्थ रिपोर्ट कळवतच नाहीत, तर ती मात्र खरी धरा.

अशी दोन-तीन नावं झाली की थांबा, दहा नकोत, दहा झाली की माणूस तक्ता करत बसतो आणि फोन कुणालाच करत नाही (मी केलेला आहे असा तक्ता, रंग वगैरे भरून).

नोंदणी तपासा, पाच मिनिटांचं काम आहे

बहुतेक देशांत डॉक्टरांची नोंदणी ठेवणारी अधिकृत परिषद असते आणि तिची यादी ऑनलाइन बघता येते. नाव टाका, नोंदणी चालू आहे का, कुठल्या विषयाची आहे, काही कारवाई झालीय का हे पुष्कळ ठिकाणी तिथेच दिसतं. पाटीवर नावापुढे अक्षरांची लांबच लांब माळ असते, त्यात खरी डिग्री कुठली आणि दोन दिवसांच्या कोर्सचं सर्टिफिकेट कुठलं हे आपल्याला बाहेरून कळत नाही, म्हणून ही यादी. यात लाजण्यासारखं काही नाही आणि डॉक्टरला कळतही नाही.

अंतर: तापात जाता येईल का?

नकाशावर अंतर बघू नका, स्वतःला विचारा की अंगात ताप असताना, सोबत कुणी नसताना, मी इथपर्यंत जाईन का? की "उद्या बघू" म्हणेन? शहराच्या दुसऱ्या टोकाचा अप्रतिम डॉक्टर हा वर्षातून एकदाचा डॉक्टर होतो. सगळ्यात वरच्या नावापासून सुरुवात करा, पण एकदा चालत किंवा बसने तिथपर्यंत जाऊन या. जिना किती आहे, लिफ्ट आहे का, घरात गुडघे दुखणारं कुणी असेल तर हे आत्ताच बघितलेलं बरं.

फोन करा

फोनवर निम्मं कळतं. खोकल्यानंतर आईसाठी त्याच डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये मी केलेला फोन साधारण असा होता:

"नमस्कार, आम्ही इथे नवीन राहायला आलोय. डॉक्टर नवीन पेशंट घेतायत का?"
"काय होतंय तुम्हाला?"
"आत्ता काही नाही. घरात आई आहे, तिला बीपी आहे, म्हणून आधीच ठरवून ठेवतोय."
"अच्छा." मग एक क्षण शांतता, कागद सरकवल्याचा आवाज. "मग नवीन पेशंटसाठी वेगळी वेळ असते, जरा जास्त ठेवतो आम्ही. मंगळवारी जमेल? आणि आईंच्या सगळ्या गोळ्या घेऊन या, नुसती यादी नको, गोळ्याच आणा."

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी फोन ठेवायच्या आतच मनात ठरवून टाकलं.

विचारायच्या गोष्टी म्हणजे दरवेळी तेच डॉक्टर भेटतात की जो असेल तो, अचानक बरं नसलं तर त्याच दिवशी घेतात का, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी काय करायचं, तपासण्यांचे रिपोर्ट आले की कोण कळवतं, फी किती आणि आपला विमा किंवा सरकारी योजना चालते का, आणि आपल्याला नीट येते ती भाषा डॉक्टरांना येते का. भाषेचा मुद्दा लोक संकोचाने सोडून देतात. पोटात कळ येतेय, मुरडा येतोय, की जळजळतंय, हे तिन्ही वेगळं आहे आणि ते दुसऱ्या भाषेत सांगताना सगळ्याचं नुसतं "पोट दुखतंय" होऊन जातं. दुभाषी मिळतो का विचारा, काही देशांत तो फुकट मिळतो. घरातल्या लहान मुलाला दुभाषी करू नका, आईच्या पाळीबद्दल दहा वर्षांच्या पोराने काय म्हणून सांगावं?

बाई डॉक्टर हवी असेल तर तेही सरळ फोनवरच सांगा. तपासताना सोबत नर्स किंवा घरचं कुणी हवं असेल तर तसं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

रिसेप्शनवरची व्यक्ती जरा तुटक बोलली तर एवढ्यावरून फुली मारू नका, सकाळी नऊला तिच्या कानाला तीन फोन असतात. दुपारी परत करून बघा.

आणि कुणी नवीन पेशंट घेतच नसेल तर

हे आजकाल कितीतरी ठिकाणी होतं, यादी भरलेली असते. दोन-तीन ठिकाणी वेटिंगमध्ये नाव घाला आणि महिन्याने स्वतः फोन करून विचारा, ते आपणहून करतील याची वाट बघू नका. बरेच डॉक्टर एकत्र बसतात अशा मोठ्या ग्रुपमध्ये नवीन लागलेला तरुण डॉक्टर असतो, त्याची यादी अजून रिकामी असते. लोक पांढरे केस शोधतात, मला स्वतःला तरुण डॉक्टरांचा अनुभव चांगला आहे, ताजं शिकलेले असतात आणि येत नसेल तर पुस्तक उघडायला लाजत नाहीत. शिवाय तुमच्याबरोबर ते वीस-पंचवीस वर्षं टिकतील, हाही हिशोब आहेच.

मधल्या काळात वॉक-इन क्लिनिकवर (म्हणजे आधी वेळ न घेता जाता येतं तिथे) भागवावं लागलं तर शक्यतो एकाच ठिकाणी जा आणि प्रत्येक वेळचा कागद फोनमध्ये फोटो काढून ठेवा. व्हिडिओ कॉलवर सर्दी, जुनी गोळी पुन्हा लिहून घेणं, रिपोर्ट समजावून घेणं हे होतं, पण पोट दाबून बघायचं असेल किंवा कानात बघायचं असेल तर फोनमधून हात बाहेर येत नाही अजून.

पहिल्या भेटीला जाताना

ही भेट शक्यतो बरं असताना घ्या. काही ठिकाणी याला नवीन पेशंटची तपासणी म्हणतात. एका कागदावर, अक्षरशः एकाच, लिहून न्या: जुने आजार आणि ऑपरेशन (वर्षासकट), चालू औषधं, अ‍ॅलर्जी, घेतलेल्या लसी, आई-वडील-भावंडांना काय काय आहे आणि कितव्या वर्षी झालं, सिगरेट-दारू किती. वडिलांना हार्ट अटॅक आला हे महत्त्वाचं आहेच पण ४८ व्या वर्षी आला की ८२ व्या, यात फार फरक आहे. जुन्या डॉक्टरकडून फाइलची कॉपी आणि हॉस्पिटलची डिस्चार्ज समरी आधीच मागून घ्या, गाव सोडल्यावर ती मिळवणं म्हणजे वैताग.

अ‍ॅलर्जीचं जरा नीट सांगा. "पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी" असं लहानपणी कुणीतरी फाइलवर लिहिलेल्यांना नीट तपासलं तर १० पैकी ९ जणांना ती नसतेच असं दिसतं. म्हणून नुसतं "अ‍ॅलर्जी आहे" म्हणू नका, काय झालं होतं ते सांगा, पुरळ, उलटी, की श्वास अडकला होता. पण स्वतःच घेऊन बघायच्या फंदात अजिबात पडू नका, ते ठरवणं डॉक्टरचं.

आणि गोळ्या. आईच्या गोळ्यांची पिशवी मी त्या मंगळवारी टेबलावर रिकामी केली. आईच्या पायांना सूज यायची, संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायचा, आणि आम्ही समजत होतो वयामुळे असेल. डॉक्टरांनी आधी अंगठ्याने नडगीवर दाबलं, पाच-सहा सेकंद, अंगठा काढला तर तिथे खड्डा तसाच. मग त्या एकेक स्ट्रिप उचलून उलटी करायला लागल्या, चष्मा कपाळावर सरकवून मागचं बारीक अक्षर डोळ्यांजवळ नेऊन वाचायचं, आणि बाजूला ठेवायचं. पाचवी की सहावी स्ट्रिप वाचली आणि पहिल्यापैकी एक परत हातात घेतली. दोन्ही शेजारी ठेवून माझ्याकडे फिरवल्या. पुढून नावं वेगळी, रंग वेगळे, कंपन्या वेगळ्या, आणि मागे दोन्हीवर एकच शब्द, एम्लोडिपिन. एक जुन्या गावच्या डॉक्टरने दिलेली, एक मधल्या काळात एका हॉस्पिटलमधून दिलेली, आणि आई दोन्ही इमानेइतबारे घेत होती, सकाळी एक, रात्री एक. या बीपीच्या औषधाने पाय सुजू शकतात आणि डोस वाढला की जास्त सुजतात. एक बंद केली, बीपी घरी लिहून ठेवायला सांगितलं, तीन आठवड्यांत चपलेचा पट्टा पुन्हा एक भोक आत गेला. यादी नेली असती तर मी दोन वेगळी नावं लिहून नेली असती आणि कदाचित कुणाच्या लक्षातही आलं नसतं. म्हणून पिशवी न्या, मलमं, थेंब, व्हिटॅमिन, काढे, जाहिरात बघून मागवलेल्या पावडरी, सगळं त्यात टाकून.

आत गेल्यावर

सगळ्यात मोठं दुखणं सगळ्यात आधी सांगा. आपण काय करतो, सर्दीबद्दल बोलतो, गुडघ्याबद्दल बोलतो, आणि उठून दाराशी गेल्यावर म्हणतो "अजून एक, परवापासून छातीत जरा दडपल्यासारखं होतंय." डॉक्टर लोकांचा हा रोजचा अनुभव आहे. तीन गोष्टी असतील तर बसल्या बसल्या सांगून टाका की तीन आहेत आणि ही सगळ्यात मोठी, मग आज किती आणि पुढच्या वेळी किती ते दोघांनी मिळून ठरवता येतं.

डॉक्टर मध्येच तोडतात ही तक्रार जगभर आहे. १९८४ मध्ये एका अमेरिकन अभ्यासात मोजलं होतं, पेशंटने बोलायला सुरुवात केल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मध्ये बोलतो. आणि न तोडता बोलू दिलं तर माणूस किती बोलतो? स्वित्झर्लंडमध्ये २००२ मध्ये मोजलं तर सरासरी ९२ सेकंद, दीड मिनिट फक्त. तेव्हा घरून निघतानाच ते दीड मिनिट मनात तयार ठेवा: काय होतंय, कधीपासून, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, आणि मला कशाची भीती वाटतेय. हे शेवटचं मुद्दाम सांगा. "माझ्या काकांना असंच सुरू झालं होतं आणि कॅन्सर निघाला" हे मनात ठेवून बसलात तर डॉक्टरने कितीही समजावलं तरी घरी जाऊन झोप लागत नाही.

झोप, चिडचिड, रडू येणं, नवीन जागी एकटं वाटणं, हेही फॅमिली डॉक्टरलाच सांगायचं असतं. बऱ्याच जणांना वाटतं हे त्यांच्या कामात बसत नाही. बसतं.

निघण्याआधी विचारायचे प्रश्न: हे काय असावं असं वाटतं, आणखी काय असू शकेल, किती दिवसांत बरं वाटायला हवं, आणि काय झालं तर थांबायचं नाही? मघाशी खोकल्याच्या वेळी मला न विचारता मिळालं होतं तेच, "ताप परत आला, धाप लागली तर लगेच या". हे जो डॉक्टर आपणहून सांगतो त्याला माझ्याकडून जास्त मार्क.

बघायचं काय

मी सगळ्यात आधी बीपी घेताना बघते. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, आधी पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर टेकवलेला, आणि तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही. जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी जास्त येतं, बोलत राहिलं तरी वाढतं. स्वेटरच्या बाहीवरून, जिना चढून आल्या आल्या, गप्पा मारत बीपी घेऊन त्यावर आयुष्यभराची गोळी लिहून देणारे मी बघितलेत. एका जास्त आकड्यावर घाई न करता "आठवडाभर घरी मोजून आणा" म्हणणारा माणूस बरा, कारण नुसतं डॉक्टरकडे आल्याने बीपी चढणारे पुष्कळ असतात.

मग हात धुतले का. तपासलं का, म्हणजे पोट दुखतंय म्हटल्यावर पोटाला हात लावला का. "मला आत्ता नक्की सांगता येत नाही, बघून सांगते" असं म्हणाले का, हे ऐकून घाबरू नका, हे मी चांगलं लक्षण मानते. साध्या सर्दीला अँटिबायोटिक नाकारलं का, आणि नाकारताना कारण सांगितलं का. व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही हे सगळ्या डॉक्टरांना माहीत असतं, पण समोरच्याला दोन मिनिटं बसून समजावण्यापेक्षा लिहून देणं सोपं पडतं.

उठून यावं असं काय? प्रत्येक भेटीत इंजेक्शन. येईल त्याला तोच तपासण्यांचा गठ्ठा, आणि त्या अमुकच लॅबमधून करा असा आग्रह. नाव नसलेल्या पुडीतल्या गोळ्या. प्रश्न विचारला की "डॉक्टर तुम्ही की मी?" आणि दुसरं मत घेऊ का म्हटल्यावर राग येणं.

दुसरी भेट हीच खरी परीक्षा

पहिल्या भेटीत सगळेच बरे वागतात, आपणही. दुसऱ्या वेळी गेल्यावर तुमची फाइल उघडून "मागच्या वेळी पायाची सूज होती, काय झालं?" असं विचारलं का? पाठ असायला हवं असं नाही, दिवसाला तीस-चाळीस चेहरे बघणाऱ्याने नाव विसरलं तर चालतं, पण लिहून ठेवलंय आणि ते वाचलंय एवढं दिसायला हवं. रिपोर्ट नॉर्मल आले तरी कळवलं का? "काही असेल तर फोन करू" या पद्धतीत रिपोर्ट हरवला आणि रिपोर्ट नॉर्मल आला या दोन्हीत फोन येत नाही, तेव्हा तारीख लिहून ठेवा आणि स्वतः विचारा. मोठ्या ग्रुपमध्ये असाल तर अपॉइंटमेंट घेताना दरवेळी डॉक्टरचं नाव घेऊन मागा, दोन दिवस थांबावं लागलं आणि दुखणं थांबण्यासारखं असेल तर थांबा.

स्पेशालिस्टकडे पाठवलं तर चिठ्ठीत काय लिहिलंय ते वाचा, आणि तिकडून आल्यावर त्यांचं उत्तर, नवीन गोळ्या हे सगळं परत फॅमिली डॉक्टरला दाखवा. आईच्या दोन गोळ्यांचा घोळ नेमका इथेच झाला होता, हॉस्पिटलने काय दिलं ते जुन्या डॉक्टरला कळलंच नाही.

फॅमिली डॉक्टरकडे न जाण्याच्या वेळा

छातीत दाबल्यासारखं दुखतंय आणि घाम फुटलाय, चेहरा एका बाजूला वाकडा झालाय, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय, श्वास घेता येत नाही, रक्त थांबत नाही, फिट आली, शुद्ध हरपली, जीव द्यावासा वाटतोय: यातलं काहीही असेल तर अपॉइंटमेंट शोधत बसू नका, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. मेंदूत रक्ताची गुठळी अडकून झालेल्या स्ट्रोकमध्ये (पक्षाघाताच्या झटक्यात) ती विरघळवायचं औषध सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, त्यातला एक तास क्लिनिकच्या बाकावर गेला तर तो परत मिळत नाही. तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा वर, तर बाळ हसत असलं तरी त्याच दिवशी, लगेच दाखवायचं. तुम्ही आहात त्या देशाचा इमर्जन्सी नंबर कुठला ते आज बघून ठेवा, जुन्या देशाचाच तोंडात बसलेला असतो.

जमलं नाही तर

दोन-तीन भेटींनंतरही मोकळं बोलता येत नसेल तर बदला. भांडायची किंवा समजावून सांगायची गरज नाही, रिसेप्शनवर "माझ्या रेकॉर्डची कॉपी हवी आहे" एवढं म्हणा, फॉर्म भरा, कॉपी घ्या. आधी नवीन ठिकाणी नाव लागू द्या आणि मग जुनं सोडा, उलटं केलंत तर मधल्या महिन्यात चालू गोळ्या कोण लिहून देणार? गोळ्या संपायच्या निदान दोन आठवडे आधी हे सगळं सुरू करा.

आणि जमलं, तर क्लिनिकचा नंबर, सुट्टीच्या दिवशीचा नंबर आणि औषधांची ताजी यादी घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये टाका. आईच्या फोनमध्ये मी तो "अ अ डॉक्टर" नावाने सेव्ह केलाय, म्हणजे यादीत सगळ्यात वर येतो.